राखून ठेवलेले बूट

३ डिसेंबर, मंगळवार
सविताचा फोन आला. सोळा महिन्यांनी. मी आश्रमशाळेच्या स्वयंपाकघरात, हात पिठाचे. दुसऱ्या बाईने फोन माझ्या कानाला धरला.
"आई, माझ्या खोलीतली मुलगी जानेवारीत गावी जाते आहे. जागा रिकामी राहील. यायचं तर ये."
येते म्हणाले. विचार केलाच नाही.
मग म्हणाली, "भोपाळला थंडी असते. स्वेटर आण. आणि ते बूट घालून ये." फोन ठेवता ठेवता, "बाबांचे पण आण. आहेत ना?"
आहेत, म्हणाले.
दोन भाकऱ्या करपल्या. मुलांनी तशाच खाल्ल्या.

४ डिसें., बुध
काल लिहिता आले नाही ते आज लिहिते.
स. दवाखान्यात नर्स झाली तेव्हा पहिल्या पगारातून तिने दोन जोड पाठवले. एक बापाला, एक मला. राखाडी, नाडीचे, तळ जाड आणि मऊ. चिठ्ठी होती: हे घालून दोघे माझ्याकडे या. सविताच्या बापाने गोधडी अंथरून तिच्यावर उभे राहून घालून बघितले. जमिनीला लावू दिले नाहीत. चार पावले गोधडीवरच चालला, म्हणाला, "लोण्यावर उभा राहिल्यासारखं वाटतं." काढले, पुसले, खोक्यात ठेवले. म्हणाला, एखाद्या चांगल्या दिवशी, प्रवासाला घालू. मग लावणी आली, मग कापणी आली, मग नागलीची मळणी, मग त्याचा खोकला. मीही माझे ठेवून दिले. तो घालत नाही तर मी कशी घालू.
दोन दिवाळ्या बूट खोक्यातच. मग श्रावणात तो गेला.
पुढचे उद्या. आज नाही.

५ डिसें.
तीन दिवस पाऊस धरला होता. मसणवट ओढ्यापलीकडे. पाणी चढत होते. म्हाताऱ्यांनी मला विचारले, पोरीसाठी थांबायचं का? मी म्हणाले, नका थांबू.
पाणी चढत होते हे खरे. सकाळपर्यंत थांबता आले असते हेही खरे. मला त्याला तसे पडलेले बघवत नव्हते. हे कुणाला सांगितलेले नाही. इथेही पहिल्यांदाच लिहिते.
स. दुसऱ्या दिवशी दुपारी पोचली. भिजलेली, पायात एकच चप्पल, दुसरी चिखलात गेली. ओढा तोवर गुडघ्याएवढा उतरला होता. तिने ओढ्याकडे बघितले, मग माझ्याकडे. "एक रात्र, आई. एक रात्र नाही थांबलात?"
तिसऱ्या दिवशी परत गेली. त्यानंतर दोन मेसेज. पोचले. बरी आहे.

७ डिसें., शनि
आमच्यात माणूस गेला की त्याचे वापरायचे सगळे त्याच्या मागोमाग ओढ्यापलीकडे जाते. कपडे, घोंगडी, काठी, चपला, तंबाखूची डबी. घरात ठेवायचे नाही. ठेवले तर त्याचा पाय घरात अडकतो, पुढची वाट चालवत नाही, म्हणतात. माझी नणंद यमुना, शेजारच्याच घरात राहते, तिने सगळे गोळा केले. दोरीवरचा टॉवेलसुद्धा सोडला नाही.
बूट मी दिले नाहीत. त्याने ते वापरलेच नव्हते, मग ते त्याचे की नाही, असे मी स्वतःला विचारले. उत्तर यायच्या आत खोका कणगीत भाताखाली पुरला. जुन्या चपला गेल्या त्याच्याबरोबर, अंगठा तुटलेल्या.
आज भात उपसून खोका काढला. बूट नव्यासारखे. नाडीसुद्धा त्याने बांधली होती तशीच. सोडली नाही. झाकण लावले.

९ डिसें., सोम
तिकीट झाले. शाळेतल्या अधीक्षिकाबाईंनी मोबाईलवर काढून दिले. २ जानेवारी, नाशिकरोडहून संध्याकाळी, सकाळी भोपाळ. खालचा बाक मिळाला.
बाईंनी जुन्या पेपरची पुरवणीही दिली, म्हणाल्या, तुम्हाला वाचायची आवड आहे म्हणून. 'प्रवासाला निघताना'. दोनदा वाचली. चुरगळणार नाहीत असे कपडे घ्या. एकावर एक घालता येतील असे घ्या. रंग एकमेकांना शोभतील असे तीनच घ्या. चाकाची बॅग घ्या. नवी पादत्राणे आधी घरात घालून पायाला सवय करा.
चाकाची बॅग आमच्या पाड्यावरून दाभोशाच्या रस्त्यापर्यंत कशी जाईल ते लिहिलेले नाही. दगडच दगड. चाके डोक्यावर घ्यावी लागतील.
शेवटची गोष्ट मात्र बरोबर आहे. सवय करायला हवी.

१० डिसें.
यमुना आली. पेटीतले सगळे बाहेर काढले. माझ्याकडे काय आहे: तीन लुगडी, दोन गोल साड्या शाळेच्या कामाच्या, एक नारायणपेठ स.ने दिलेली, न नेसलेली.
"ही नेस. पोरीने दिलेली हाय."
"गाडीत बसायला?"
"मग मेल्यावर नेसशील काय?" बोलून गेली. मग आपणच हसली. मला हसू आले नाही, पण रागही आला नाही.
लुगडे मला बरे. गुडघ्यापर्यंत, चालायला मोकळे, चिखल लागत नाही, वाळते लवकर. पण स.च्या दवाखान्यातल्या बाया बघतील. यमुना म्हणते, "बघू दे. पाय हायत, चोरलेले नाहीत." तिचे बरोबर आहे. तरी शाळेच्या दोन साड्या ठरवल्या. निळी आणि चॉकलेटी. सुती मिसळ, धुतली की वाळते, डाग दिसत नाही. भाकऱ्यांच्या धगीपुढे आठ वर्षे टिकल्या त्या रेल्वेत काय फाटणार.
लुगडे एक घेतले आहे. तिच्या खोलीत नेसेन.

१२ डिसें., गुरु
बाजाराला जव्हारला. शिंपीदादांकडे परकराला आतून खिसा शिवायला टाकला, तिकीट-आधार राहील एवढा. दादा म्हणाले, चेन लावू का? चेन अडकते, बटण लावा म्हटले. "भाभी, किती दिवसांची सफर?" दहा. "मग दोन खिसे लावतो. एक मोडला तर एक." चांगला माणूस. नवरा गेला हे त्यांना ठाऊक नाही, दरवेळी विचारतात भाऊ कसे आहेत. मी दरवेळी म्हणते बरे आहेत. आजही म्हणाले. आता कसे सांगणार.
थंडीचे कपडे विकणारे आले आहेत, हिंदी बोलणारे. स्वेटर बघितले. हातात मऊ लागतो तो दोन धुण्यांत लोंबतो, हे मला मुलांच्या स्वेटरांवरून माहीत. जाडाभरडा घेतला, पुढून बटणे, काळा. डोक्यातून घालायचा नको, गाडीत उठबस करताना अंबाडा सुटतो.
सविताच्या बापाला मापाला लावून बघावा तसा एक तपकिरी हातात घेतला होता. किती वेळ धरून उभी होते कळले नाही. विकणारा म्हणाला, "अम्मा, लेना है तो बोलो."

१५ डिसें., रवि
बॅग ठरली. शाळेत मुलांना मिळतात त्यातली एक जुनी, बंद तुटलेली, बाईंनी दिली. बंदाच्या जागी गाडीवर सामान बांधतात तो पट्टा शिवला, दाभणाने, मेणदोऱ्याने. ओढून बघितले. यमुना लोंबकळली तरी सुटला नाही. ती खरेच लोंबकळली.
गोधडी न्यायची. पुरवणीत लिहिले आहे हलकी शाल न्या. माझी गोधडी हलकी नाही. पण तिच्यात मधल्या थराला त्याचे दोन जुने सदरे आहेत, मी ती शिवली तेव्हा तो धडधाकट होता. यमुनाने सगळे ओढ्यापलीकडे नेले, गोधडीतले कसे नेणार. कोपऱ्यात एका ठिकाणी वरचा कपडा विरला आहे, आतून निळी रेघ दिसते. तिथे ठिगळ लावायचे होते. लावले नाही.

१८ डिसें., बुध
लिहू की नको.
आज माझे बूट घातले. शाळेला सुट्टी घेतली होती, जव्हारहून परकर आणायचा होता. म्हटले पायाला सवय होईल. खरेच लोण्यासारखे. वाटेत मला वाटले, त्याला हे सांगायला पाहिजे, की चार पावलांपेक्षा जास्त चालले तरी तसेच वाटते.
उतारावर डावा पाय जड लागला. चिखल चिकटला असेल. बघितले तर तळ टाचेपासून सुटून लोंबतोय. हात लावला तर तुकडा हातात आला. कुरमुऱ्याच्या लाडवासारखा. दाबला, पीठ झाले. उजवाही. ओढ्यापर्यंत दोन्ही बुटांचे तळ वाटेवर पसरले होते. राखाडी तुकडे, कोंबडीला दाणे टाकावेत तसे.
अनवाणी घरी आले. जीपची वाट बघितली नाही.

१९ डिसें.
खोका उघडला. त्याच्या उजव्या बुटाच्या टाचेवर अंगठा ठेवला. फार दाबला नाही.
अंगठा आत गेला.
बाहेर काढला तर अंगठ्याला राखाडी भुकटी. पदराला पुसली नाही. धुतली नाही. संध्याकाळी भात शिजवताना आपोआप गेली.

२२ डिसें., रवि
माझे बूट घेऊन जव्हारला. परकरही आणला. एसटी स्टँडच्या बाजूला चांभारकाका बसतात, त्यांच्याकडे. त्यांनी उलटे केले, नख लावले, वास घेतला.
"किती वर्षं ठेवले होते?"
तीन.
"घातले नाहीत?"
राखून ठेवले होते.
"हेच चुकलं. हा तळ फेसाचा असतो बाई. पायाखाली रगडला की टिकतो. बसवून ठेवला, त्यात आपला पावसाळा, की आतल्या आत मरतो. रोज घातले असते तर आज फाटके असते, पण असते."
त्यांनी सहज सांगितले. मागे दोघे उभे होते चपला घेऊन. मी बाकावर बसले. काकांनी पाणी दिले. "एवढं काय, वरचा भाग चांगला आहे. टायरचा तळ लावून देतो. जड होतील, पण तुम्ही संपाल, तळ संपणार नाही."
लावा म्हटले.
पिशवीत त्याचाही खोका होता. घेऊन गेले होते. काका म्हणाले, तेही द्या. नको म्हटले. वरून तिने दिलेले आणि खालून टायर, आणि तिला म्हणायचे हे बघ बाबांचे. नको.

२४ डिसें., मंगळ
यमुनाला सांगितले. सगळे. कणगीतले सुद्धा. मला वाटले ओरडेल. ती बराच वेळ पायाच्या नखाने जमीन उकरत राहिली.
"म्हणजे भाऊ माझा अनवाणीच गेला. त्याचे बूट घरातच होते."
"जुन्या चपला दिल्या होत्यास तू."
"त्या तुटलेल्या होत्या, वहिनी. मला तेव्हाच वाटलेलं." रडली. मी नाही.
मग डोळे पुसून म्हणाली, "बाजारात तसलेच मिळतात. राखाडी. आठ नंबर. घे नि खोक्यात घाल. तिला काय कळतंय."
मी म्हणाले, तिला कळणार नाही.
"मग?"
मग काही नाही.

२६ डिसें.
तरी दुकानात गेले. होते. जवळजवळ तसेच. आठ नंबर. दुकानात एक पोरगी होती, तिने नाडी ओवून दाखवली. त्याची गाठ अशी नसते. तो दोन कान करायचा नाही, एकच करायचा, बैलाच्या दाव्याची गाठ मारतात तशी. स.लाही त्यानेच शिकवली. शाळेत बाईंनी दोन कानांची शिकवली तर घरी येऊन रडली होती, बाबांचीच बरोबर म्हणून.
परत ठेवले. नको गं, म्हटले, माप वेगळे आहे.

२७ डिसें., शुक्र
स.चा फोन. तारीख, डबा, बाक विचारले. नर्ससारखे विचारते, एकेक खूण करत असल्यासारखे.
"बूट घातलेस का? पाय घासत नाहीत ना?"
नाही घासत.
"बाबांचे बघितलेस? उंदरांनी वगैरे?"
उंदरांनी नाही.
तिथे सांगायला हवे होते. वाक्य तयारही होते. ती म्हणाली, "आई, मला दुसरं काही नको. त्यांचं माझ्याकडे काहीच नाही. सगळं ओढ्यापलीकडे नेऊन टाकलंत तुम्ही." आवाज वर गेला, मग तिने तो खाली आणला. "जाऊ दे. आलीस की बोलू."
वाक्य तसेच राहिले.

२ जाने., गुरु
पहाटे निघाले. यमुना रस्त्यापर्यंत. बॅग तिने डोक्यावर घेतली, मला दिली नाही. ओढ्यापाशी थांबली, पलीकडे तोंड करून भावाला म्हणाली, "जातेय बरं वहिनी पोरीकडं. तुझे बूट घेऊन." एवढेच. पाण्यात हात बुडवून माझ्या पायांना लावला, टायरच्या बुटांवरून.
जीपमध्ये खोका मांडीवर. जव्हारहून नाशिकची एसटी. मोखाड्यापर्यंत उभी, मग जागा मिळाली. वळणावर खोक्यातून आवाज येतो. भाकरीचे तुकडे डब्यात हलतात तसा. दोन्ही हातांनी धरून बसले. त्र्यंबकपर्यंत हात बधिर.
शेजारच्या बाईने विचारले, काचेचं काय आहे का? हो म्हटले.

३ जाने., शुक्र. गाडीत
इटारसी गेले. उजाडले आहे, धुके.
गोधडी जड आहे म्हणून डब्यातले दोघे हसले रात्री. मग त्यातल्या एकाच्या बायकोने पायावर टोक मागितले. दिले.
स्वेटर चांगला. परकराचा खिसा चांगला. बूट जड, चढता-उतरताना धप्प वाजतात, पण पाय कोरडे. इतके सगळे विचार करून घेतले आणि एकाही गोष्टीने दगा दिला नाही. तो असता तर कौतुक केले असते. नाही, केले नसते. म्हणाला असता, चहा घे.
वाक्य पुन्हा जुळवून बघितले. तीन प्रकारे. कुठल्याही प्रकारे म्हटले तरी शेवटी तेच येते.

४ जाने., शनि. भोपाळ
काल लिहायला जमले नाही.
स्टेशनवर स. होती. बारीक झाली आहे. केस कापले. आम्ही दोघी समोरासमोर उभ्या, मधून हमाल जात होते. तिने आधी माझ्या पायांकडे बघितले.
"हे काय?"
तळ गेले. टायरचे लावले.
"का गेले? तू घातलेच नव्हतेस ना?"
म्हणून गेले.
तिला कळले नाही. किंवा कळले आणि पुढचे कळू द्यायचे नव्हते. माझी एक नाडी सुटली होती. ती खाली बसली, भर स्टेशनात, आणि बांधली. एका कानाची. मी तिच्या डोक्याकडे बघत होते. पांढरा केस आहे एक. सत्तावीस वर्षांची.
उठली आणि खोका माझ्या हातातून घेतला. दोन्ही हातांनी. झाकणाला हात लावला, उघडले नाही. हलवला असता तर आवाज आला असता. हलवला नाही. रिक्षात मांडीवर धरून बसली, मी एसटीत बसले होते तशी.
खोलीवर आल्यावर कपाटावर ठेवला. अगदी वर, भिंतीकडे सरकवून.
मी म्हणाले, सविता, त्यातलं तुला सांगायचं आहे.
"आज नको. अजून नाही बघवत मला." आणि मग, पातेले ठेवता ठेवता, "राहू दे तिथेच. नीट राहतील. एखाद्या चांगल्या दिवशी काढू."

६ जाने., सोम
ती सकाळच्या ड्यूटीवर गेली. जाताना गोधडीचा कोपरा बघत होती, निळी रेघ. "हा बाबांनी माझ्या शाळेतल्या गॅदरिंगला घातलेला सदरा ना?" हो म्हटले. बोटाने रेघ पुढे कुठे जाते ते चाचपत राहिली, उशीर झाला म्हणून धावत गेली.
भांडी घासली. लुगडे नेसले आहे. खिडकीत ऊन येते नऊ वाजता, ते सरळ कपाटावर पडते.
खोलीत एक स्टूल आहे. माझा हात पोचतो. चढून खाली काढता येईल, झाकण उघडून टेबलावर ठेवता येईल, ती आल्या आल्या दिसेल असे. किंवा तसेच राहू देता येईल, पुढच्या पावसाळ्यापर्यंत, आणि त्याच्या पुढच्या.
आले त्या दिवशी ती म्हणाली, चांगल्या दिवशी. तिच्या बापाचाच शब्द.
स्टूल कपाटापाशी नेऊन ठेवले आहे. तीन वाजता येते ती.